नकाशावर नदीचं नाव कोणतं छापावं?

प्रश्न : आमचं गाव चिपळूण तालुक्यात. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या स्मरणिकेत यंदा गावाचा नकाशा टाकायचा आहे. नदीच्या नावावरून सभेत वाद झाला. आमची वाडी तिला 'देवळाची नदी' म्हणते, खालचं गाव आमच्या गावाचं नाव देतं, मोबाईलच्या नकाशात नावच नाही. वर दोन पऱ्ये, म्हणजे ओढे, मिळून ती होते आणि पुढे वाशिष्ठीला मिळते. खरं नाव कोणतं, आणि उगम कुठल्या पऱ्याचा धरायचा?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : नदीवरून वाद झाला हे वाचून बरं वाटलं. एरवी मंडळांचे वाद वर्गणीचे.

दोन्ही नावं छापा, जिथली तिथे. उगमापासून मुखापर्यंत नदीला एकच नाव हवं, हा हट्ट आम्हा भूगोलाच्या मास्तरणींनी तुमच्या डोक्यात घातलाय. कोकणात तर मोठ्या नद्याही तो पाळत नाहीत. चिपळूणची वाशिष्ठी समुद्राशी पोचली की दाभोळची खाडी होते. सावित्रीची बाणकोटची खाडी, कुंडलिकेची रेवदंड्याची, शास्त्रीची जयगडची. गलबतवाल्याला बंदराशी काम, उगमाशी त्याचं काय अडलंय! आणि आपली मिठी? विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी घेऊन निघते, माहीमच्या खाडीत संपते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तोवर कितीतरी मुंबईकर तिला नालाच म्हणत होते.

तुमच्याकडे देऊळ काठावर, म्हणून देवळाची नदी. खालच्यांना ती तुमच्या गावाकडून येताना दिसते, म्हणून तुमच्या गावाची. त्यांनी आणखी काय म्हणावं?

पऱ्यांचं थोडं किचकट आहे. भूगोलात सहसा जास्त लांबीचा किंवा जास्त पाणलोटाचा प्रवाह मुख्य धरतात. लोक तसं मोजत बसत नाहीत. पुण्यात मुळा आणि मुठा मिळाल्या, पुढे दोघींचं नाव जोडून मुळा-मुठा. वाशिष्ठीत तर पोफळीच्या वीजघरामार्गे कोयनेचं पाणी येतं. घाटावरच राहिलं असतं तर ते कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. इथे मुकाट अरबी समुद्राला जातं आणि वाशिष्ठीच म्हणवून घेतं. तेव्हा दोन्ही पऱ्ये काढा. उगमाची खूण लांब पऱ्यावर करा आणि लांबीवरून ठरवलं असं खाली लिहा, म्हणजे पुढच्या सभेत निदान मुद्द्यावर भांडण होईल.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा आधाराला घ्या. शिवेसाठी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा मिळवा. मग वाशिष्ठीच्या संगमापासून वर चालत जा. कोंड (नदीतले डोह), साकव (छोटे पूल), बंधारे यांची नावं दोन्ही काठांवरच्या माणसांना विचारा, तीही म्हाताऱ्या बायकांना आधी, कारण धुणं घेऊन नदीवर त्या जात होत्या. डावा-उजवा तीर लिहिताना पाणी वाहतं तिकडे तोंड करून उभं राहायचं. वर चालताना हमखास उलटं लिहिलं जातं.

फेरी कुठल्या महिन्यात केली तेही नकाशावर टाका. मे महिन्यात पऱ्या कोरडा बघून कोणीतरी तो खोडून टाकेल.