गोळी चहाबरोबर का नको?

प्रश्न : आईला मधुमेहासाठी सेमाग्लुटाइडची १४ मि.ग्रॅ.ची गोळी रोज चालू आहे. उपाशीपोटी घ्यायला सांगितलंय, पण ती चहाबरोबरच घेते. एवढं काय बिघडतं? परवा दुकानात १४ची नव्हती, तर ७च्या दोन घ्या म्हणाले. चालेल का?

उत्तर : दोन्ही नको. सेमाग्लुटाइड हे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखी छोटी साखळी. त्याचा रेणू सुमारे ४,११४ डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप), मधुमेहाच्या नेहमीच्या मेटफॉर्मिन गोळीचा १२९. एवढं धूड जठराच्या अस्तरातून आपोआप आत शिरत नाही, आणि जठरातलं प्रथिनं पचवणारं पेप्सिन त्याचे तुकडे करायला टपलेलं असतंच. म्हणून प्रत्येक गोळीत सॅल्कॅप्रोझेट सोडियम हे शोषण वाढवणारं रसायन ३०० मि.ग्रॅ. घालतात, म्हणजे आईच्या गोळीत औषधाच्या वीसपटीहून जास्त. गोळी जठराच्या भिंतीला टेकून झिजत जाते. तेवढ्याच जागी रसायन आम्लता उतरवतं, पेप्सिन थंडावतं, पेशींचं आवरण थोडा वेळ सैल होतं आणि औषध त्यातून पलीकडे रक्तात जातं. सगळी मदार त्या टिचभर जागेतल्या दाटपणावर. चहा-बिस्किट किंवा तांब्याभर पाणी पोटात गेलं की रसायन पातळ होतं आणि औषध तसंच पुढे सरकतं.

सगळं नीट पाळूनही रक्तात पोचतं ते जेमतेम एक टक्का. याच औषधाच्या इंजेक्शनचा आठवड्याला १ मि.ग्रॅ.चा डोस असतो, तिथे गोळीतून आठवड्याला ९८ मि.ग्रॅ. पोटात जातं ते यामुळेच.

उठल्याबरोबर, त्याच वेळी पाकिटातून काढून (दमट हवा तिला सोसत नाही), अख्खी गोळी जास्तीत जास्त १२० मि.ली. साध्या पाण्याबरोबर गिळायची. तोडायची, चावायची नाही. पुढे निदान अर्धा तास खाणं, पिणं, दुसरी गोळी काही नाही. थायरॉइडची गोळीही त्यानंतरच. दोन्ही चालू असतील तर डॉक्टरांना सांगून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासत राहा.

७च्या दोन घेतल्या तर औषध १४च, पण रसायन ६०० होतं. ते प्रमाण तपासलेलं नाही. त्यापेक्षा एखादा दिवस चुकला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच घ्या.

प्रश्न : मग इन्सुलिनची गोळी का निघत नाही?

उत्तर : तोंडावाटे शोषण रोज कमी-जास्त होतं. सेमाग्लुटाइड रक्तातून निम्मं व्हायला आठवडा लागतो, त्यामुळे चढउतार आपसूक सपाट होतात. इन्सुलिन तेवढं टिकत नाही. आज दुप्पट शोषलं गेलं तर आजच साखर उतरून घाम फुटेल.