शार्क बघायला जायचंच, पण कर्ज काढून नको

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघणारे एक वाचक, वय 36. पत्नी शिक्षिका, मुलगी चौथीत, आई सोबत. दोघांचे मिळून महिन्याला 65,000 येतात. घराचा हप्ता 16,500, घरखर्च 34,000. पतसंस्थेत साडेचार लाखांची ठेव आहे, ती मार्चमध्ये सुटेल. दहा वर्षांचे असताना वडिलांनी रद्दीच्या दुकानातून शार्कच्या चित्रांचं पुस्तक आणलं होतं, ते अजून कपाटात आहे. आता दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यातून ग्रेट व्हाइट शार्क बघायचा आहे. टूरवाल्याचा दर एकट्याचा 2,70,000. पैकी 50,000 आगाऊ, बाकी 24 हप्त्यांत. ठेव मोडू की हप्ते घेऊ?

दादा, वडिलांच्या आठवणीचा हा खर्च मी उधळपट्टी मानत नाही. तरीही आत्ता दोन्ही करू नका.

आधी हप्त्याचं बघू. 2,20,000 वर 15 टक्के धरले तर महिना सुमारे 10,670, आणि व्याजच 36,000 च्या घरात. तुमच्या हातात आज 14,500 उरतात, त्यातले चार हजारही राहणार नाहीत. आईंना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि कंपनीच्या विम्यात त्यांचं नाव नाही, असं तुम्हीच लिहिलंय. एक रात्र दवाखान्यात काढावी लागली तरी हप्ता चुकेल.

माझी खरी हरकत मात्र वेगळी आहे. तुम्ही पाठवलेलं दरपत्रक दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या गान्सबाई या गावचं आहे. तिथून बोट डायर बेटाकडे जाते. सीलच्या वस्तीमुळे एकेकाळी ग्रेट व्हाइट बघायला जगभरातून लोक तिथेच यायचे. पण 2017 मध्ये त्या किनाऱ्यावर एकामागोमाग पाच मेलेले ग्रेट व्हाइट वाहून आले. त्यांतल्या बहुतेकांचं यकृत गायब होतं. संशय ओर्का देवमाशांच्या एका जोडीवर आला. पाठीचा पर एकाचा डावीकडे आणि दुसऱ्याचा उजवीकडे झुकलेला, म्हणून त्यांना पोर्ट आणि स्टारबोर्ड, म्हणजे जहाजाची डावी आणि उजवी बाजू, म्हणतात. तेव्हापासून ग्रेट व्हाइटनी ती जागा जवळजवळ सोडली आहे. पिंजऱ्याच्या फेऱ्या चालू आहेत, पण दिसतो तो बहुतेक वेळा कॉपर शार्क. तोही देखणा मासा आहे, पण तुमच्या पुस्तकातला तो नव्हे.

दरपत्रकाच्या तिसऱ्या पानावरची बारीक अक्षरातली ओळ पुन्हा वाचा: शार्क न दिसल्यास पैसे परत नाहीत, दुसऱ्या फेरीचं कूपन मिळेल. सोलापूरला परतलेल्या माणसाला ते कूपन काय कामाचं? तुमच्या कारखान्यात सुताचा काउंट तपासल्याशिवाय तुम्ही बिल पास करत नाही. इथेही तेच करा.

मोसेल बे हा जास्त आशेचा पर्याय. केपटाऊनपासून सुमारे 400 किलोमीटर पूर्वेला. हंगाम त्यांच्या हिवाळ्याचा, म्हणजे आपला जून ते सप्टेंबर. खात्री तिथेही नाही. जून 2023 मध्ये याच स्टारबोर्डने तिथे एक लहान ग्रेट व्हाइट दोन मिनिटांच्या आत मारला. म्हणून एका फेरीच्या भरवशावर जाऊ नका, तीन दिवस हातात ठेवा. समुद्र खवळला तर बोट निघतच नाही. मेक्सिकोचं ग्वादालूप बेट 2023 पासून या सफरींना बंद आहे. ऑस्ट्रेलियातली नेपच्यून बेटं चांगली, पण खिशाला जड.

पिंजरा बोटीला बांधलेला आणि पाण्याच्या वरच्या थरातच असतो. श्वास रोखून डोकं खाली घालायचं असतं, स्कूबाचा कोर्स लागत नाही. त्याचे 30,000 कोणी मागितले तर देऊ नका. प्रवास विम्यात मात्र पिंजऱ्यातली डाइव्ह धरली आहे का, हे लेखी घ्या; अनेक पॉलिसी साहसी खेळ वगळतात. पॅकेजवर टूरवाला आगाऊ घेतो तो कर, म्हणजे टीसीएस, आयकर रिटर्न भरताना वळता होतो, तो खर्चात धरू नका.

आता पैशांची वाट. मार्चमध्ये ठेव सुटली की तिथेच नूतनीकरण करू नका. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. चार महिन्यांचा खर्च, म्हणजे 2,02,000, बँकेच्या ठेवीत ठेवा. उरलेल्यातून आईंचा आरोग्य विमा काढा, आणि जुन्या आजाराला लागणारा प्रतीक्षा काळ संपेपर्यंत बाकी रक्कम त्यांच्या नावाने बाजूला राहू द्या.

शार्कसाठी महिना 8,000 ची आवर्ती ठेव करा. सात टक्के धरले तर 30 महिन्यांत 2,61,000 च्या आसपास जमतील. भाव वाढला तर दिवाळीचा बोनस त्यात घाला. शेअर बाजारातली एसआयपी यासाठी नको, तारीख जवळ आणि बाजार खाली अशी वेळ येऊ शकते. माझ्या मते तुम्ही एकटेच जा. तिघांचा खर्च धरला तर हे स्वप्न मुलीच्या कॉलेजच्या पैशाला हात लावेल. पण हे वहिनींशी बसून ठरवा. तुमच्या पत्रात त्यांचं मत कुठेच दिसलं नाही.

आगाऊ 50,000 अजून भरले नसतील तर थांबवा. टूरवाल्याला एकच प्रश्न विचारा: गेल्या हंगामात किती फेऱ्या झाल्या आणि त्यांतल्या किती फेऱ्यांत ग्रेट व्हाइट दिसला? उत्तर ईमेलवर मागा आणि मला पाठवा, मी बघते.