फ्रीझर थांबवा, पोळ्या विकत आणा

प्रश्न : आम्ही दोघं नोकरी करतो, मुलगी सहा वर्षांची. राहायला पुण्याजवळ पिंपळे सौदागरला. घरी यायला रात्रीचे आठ वाजतात. कामाच्या दिवशी महिन्यातून सरासरी ११ वेळा बाहेरून मागवतो, दर वेळी ६२० रुपयांच्या आसपास जातात. आता रविवारी एकदाच आठवड्याची तयारी करून ठेवायचा विचार आहे. त्यासाठी १०० लिटरचा डीप फ्रीझर (१९,००० रुपये), काचेचे डबे (६,००० रुपये) आणि मोठा मिक्सर, असे ३०,००० रुपये सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घालावेत का? की संध्याकाळी स्वयंपाकाला मावशी लावाव्यात? त्या ५,५०० सांगताहेत. घरात २५० लिटरचा दोन दारी फ्रीज आहे. क्रेडिट कार्डावर ४२,००० बाकी आहेत, मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) वेळेवर भरतो. १,२०,००० ची एफडी आहे.

उत्तर : रविवारची तयारी जरूर सुरू करा. फ्रीझर आत्ता घेऊ नका. आणि या दोन्हींच्या आधी कार्डाची बाकी संपवा.

तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलेली ही बाकीच सगळ्यात महाग आहे. महिना साडेतीन टक्के दर धरला तर ४२,००० वर १,४७० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दरमहा सुमारे १,७३५ रुपये नुसते बाकी ठेवल्याबद्दल जातात. शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. त्याच कार्डावर मागवलेल्या बिर्याणीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. एफडी सहा-सात टक्के देते आणि कार्ड चाळीसच्या वर घेतं. एफडीतून ४२,००० काढा. मोडण्याचा अर्धा-एक टक्का दंड बसला तरी तो या महिन्याच्या व्याजापुढे किरकोळ आहे. उरलेले ७८,००० अडीअडचणीला राहू द्या.

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज असतंच, विक्रेता ते सवलतीच्या रूपाने आधी कापून देतो. त्या व्याजावरचा जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुम्हीच भरता. ३०,००० वर हे मिळून चार-पाचशे रुपये होतील, त्याने कोणी बुडत नाही. मात्र रोखीने घेताना मिळणारी सूट हातची जाते आणि सहा महिने ५,००० चा हप्ता मिनिमम ड्यूमध्ये मिसळतो. आधीच बाकी ओढणाऱ्या घराला हे नको.

आता जेवणाचा हिशेब. तिघांची एक साधी रात्र, म्हणजे उसळ किंवा आमटी, भात, पोळ्या आणि काकडी-टोमॅटो. पोळ्या सोडून सामान सुमारे १३० रुपयांचं. दहा पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणल्या तर १०० रुपये. एकूण २३०, म्हणजे मागवण्यापेक्षा ३९० रुपयांनी स्वस्त. अकराच्या अकरा रात्री कधीच वाचत नाहीत, आठ धरा. महिन्याला ३,१२० होतात. रविवारचा जादा गॅस आणि एखादी फेकावी लागणारी भाजी वजा करून २,८०० हाती राहतील.

पोळ्या विकत का, हे विचारलं जाणारच. दहा पोळ्यांना कणीक ३०० ग्रॅम. तेल, गॅस धरून घरी पंचवीस-तीस रुपयांत होतात. वाचले सत्तर रुपये. पण मळणं, लाटणं, भाजणं आणि ओटा पुसणं यात पाऊण तास जातो, तोही आठ वाजता घरी आल्यावर. बहुतेक घरांत मागवण्याचा निर्णय याच पाऊण तासात होतो. सत्तर रुपये वाचवायला जाऊन ६२० खर्च होतात. कणीक रविवारी मळून ठेवावी म्हटलं तर ती फ्रीजमध्ये एक दिवस बरी राहते, दुसऱ्या दिवशी काळपट पडते. त्यामुळे पोळ्या केंद्रातून आणा आणि घरचा वेळ वाटणाला द्या. कोरडी भाजी कोणीही दहा मिनिटांत परतेल. कांदा-खोबरं भाजून वाटायला मात्र रात्री कोणी उभं राहत नाही.

वाटणाचं प्रमाण असं. एक किलो कांदा पातळ उभा चिरायचा, तीन मोठे चमचे तेलात मध्यम आचेवर २५ मिनिटं परतायचा. कडा तपकिरी व्हायला हव्यात. नुसता गुलाबी कांदा वाटला तर रस्सा गोडसर आणि गिळगिळीत होतो. १५० ग्रॅम सुकं खोबरं वेगळं भाजायचं, कारण ते कांद्याच्या आधी करपतं. वीस लसूण पाकळ्या, दोन इंच आलं, मूठभर कोथिंबीर. सगळं पूर्ण गार करायचं आणि जेमतेम पाणी घालून वाटायचं. साधारण ७०० ग्रॅम होतं, म्हणजे सत्तर-सत्तर ग्रॅमचे दहा वाटे. एकेक वाटा झिपच्या पिशवीत घालून हाताने बोटभर जाडीचा चपटा करा. चपटं लवकर गोठतं, लवकर सुटतं आणि पुस्तकांसारखं उभं रचता येतं. गरम असताना भरलं तर वाफेचा बर्फ होतो आणि रस्सा पाणचट लागतो. ओलं खोबरं यात नको, त्याचं वाटण फ्रीजमध्ये दोन दिवसांत आंबूस होतं. पिशवीवर तारीख लिहा, दीड महिन्यात संपवा.

दुसरं काम कडधान्याचं. अर्धा किलो छोले किंवा राजमा शनिवारी रात्री भिजवायचा. शिजून सव्वा किलोच्या आसपास होतो. त्याचे चार भाग करा आणि शिजवलेल्या पाण्यासकट गोठवा, कोरडे गोठवले तर सालं सुटतात. आठवड्यातल्या रात्री तेल, मोहरी, हिंग, हळद, एक वाटा वाटण, दोन चमचे कांदा-लसूण मसाला आणि हे छोले. वाटण तेलात पाच मिनिटं, सगळं मिळून आठ मिनिटं उकळी. भाताचा कुकर होईपर्यंत उसळ तयार. एखाद्या रात्रीसाठी डोशाचं पीठ ठेवा : तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धा चमचा मेथी. आंबलं की लगेच फ्रीजमध्ये, चार दिवसांत संपवायचं. तूरडाळ मऊ शिजवून तीन दिवस फ्रीजमध्ये चालते. ही सगळी कामं एका रविवारी काढू नका. वाटण दोन आठवड्यांतून एकदा पुरतं, कडधान्य मधल्या रविवारी. मग ओट्याशी दोन तासांपेक्षा जास्त उभं राहावं लागत नाही.

बटाट्याची भाजी गोठवू नका. बटाटा स्पंजासारखा होतो, पाणी सुटतं आणि भाजी खरखरीत लागते. दह्याचा रस्सा फाटतो. भेंडी, कोशिंबीर आणि उकडलेलं अंडं यांचंही नाव नको. शिळ्या भाताची तर खास काळजी घ्या. तो तासाभरात पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये जायला हवा आणि दुसऱ्या दिवशीच संपायला हवा. ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भातात जंतूंचं जे विष तयार होतं, ते पुन्हा गरम करून जात नाही. एकदा बर्फ सुटलेलं वाटण परत गोठवायचं नाही, म्हणूनच वाटे लहान.

हे सगळं तुमच्या आताच्या फ्रीजमध्ये मावतं. वरचा कप्पा साधारण ५० लिटरचा धरा. वाटणाच्या दहा आणि कडधान्याच्या चार पिशव्यांना पाच लिटरही लागत नाहीत. जागा खाणारा माल वेगळाच असतो : अर्धवट आइस्क्रीम, मटारची फाटकी पिशवी, कुणीतरी दिलेलं नि कुणी न खाल्लेलं काहीतरी. आधी तो काढा.

वेगळा फ्रीझर घेऊन याशिवाय आणखी किती रात्री वाचतील? फार तर दोन, म्हणजे ७८० रुपये. फ्रीझरच्या लेबलवर वर्षाची युनिट लिहिलेली असतात. ३५० असतील तर, तुमच्या बिलातल्या वरच्या टप्प्याचा दर १२ रुपये धरून, वर्षाला ४,२००, महिन्याला ३५० रुपये वीज. ७८० मधून ३५० गेले, उरले ४३०. १९,००० वसूल व्हायला ४४ महिने. आणि एकच रात्र वाचली तर महिन्याला चाळीस रुपये सुटतात, म्हणजे फ्रीझर भंगारात गेला तरी वसुली होणार नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तर घाबरू नका. दार उघडलं नाही तर अर्धा भरलेला फ्रीझर कप्पाही काही तास सहज तग धरतो, खालच्या फ्रीजला मात्र चार तासांची मर्यादा समजा.

डब्यांसाठी ६,००० नकोत. झिपच्या पिशव्या आणि स्टीलचे चार डबे यांत सातशे-आठशे रुपयांत भागेल. मिक्सर चालू स्थितीत असेल तर तोच वापरा, एक किलो कांद्याचं वाटण तीन खेपांत होतं.

मावशींचं गणित तुम्हाला वाटतं तेवढं वाईट नाही. ५,५०० आणि दिवाळीचा एक पगार धरून महिन्याला सुमारे ५,९६०. त्या आल्या की पोळ्याही घरच्याच, म्हणजे मागवण्याच्या प्रत्येक रात्री ४६० वाचतील. अकरा रात्रींचे ५,०६० होतात. जेमतेम नऊशे पदरचे जातात आणि त्या बदल्यात उरलेल्या रात्रींचाही स्वयंपाक सुटतो. मात्र त्यांच्या सुट्टीच्या दिवशी काय, हे आधीच ठरवा. त्या दिवसांसाठी गोठवलेलं वाटण लागेलच.

तेव्हा आठ आठवडे आहे त्या फ्रीजवर करून पाहा. शनिवार-रविवारचं बाहेरचं खाणं यात मोजू नका, ते चालू द्या. मागवायच्या ॲपमध्ये मागच्या ऑर्डरी दिसतात, त्यातल्या सोमवार ते शुक्रवारच्या तेवढ्या मोजा. महिन्याला चारच्या आत आल्या तर हेच चालू ठेवा. सात-आठवरच राहिल्या तर रविवारचे दोन तास तुमच्याच्याने निघत नाहीत असं समजा आणि मावशींना हो म्हणा.