जुन्या ट्रकचे ९.००-२० टायर तडकले, नवे मिळत नाहीत, १०.००-२० चालतील का?

एखाद-दुसरा टायर बदलून १०.००-२० टाकणार असाल, तर नका टाकू. तो साधारण तीनेक सेंटिमीटर उंच आणि थोडा रुंद असतो. मागच्या जोडीत एक उंच, एक बुटका बसला की सगळं वजन उंच टायरवर येतं, तो तापतो आणि फुटतो. सहाही बदलणार असाल तर आधी रिम बघा: ९.००ला साधारण ७ इंची, १०.००ला साडेसात इंची रिम लागते. जोडीतल्या दोन टायरांच्या मध्ये फट राहायला हवी, नाहीतर साइडवॉल (टायरच्या बाजूच्या भिंती) घासून जातात.

आता आहेत त्या टायरांचं. नक्षी शिल्लक दिसते म्हणून फसू नका. साइडवॉलवर चार आकडी शिक्का शोधा. २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३वा आठवडा. चिरेत नख जातंय किंवा आतला धागा दिसतोय, तर तो टायर रिमोल्डलाही (जुन्या टायरवर नवं रबर चढवायलाही) देऊ नका. टायरचा आतला सांगाडाच गेलेला असतो, वर कितीही नवं रबर चढवा. सांगाडा धड असेल तर रिमोल्ड करून मागे लावा, पुढे कधीच नाही.

नवे घेताना गावातल्या दुकानापेक्षा ट्रान्सपोर्टनगरात विचारा. मिळाले की शिक्का वाचूनच पैसे द्या. न खपणारा साइज गोदामात वर्षानुवर्षं पडून असतो. ट्यूब आणि फ्लॅपही (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) नवेच घ्या. आणि लॉकरिंगची (टायर जागेवर धरून ठेवणाऱ्या सुट्या लोखंडी कडीची) रिम असेल तर हवा लोखंडी पिंजऱ्यातच भरून घ्या. रिंग उडाली तर समोरचा माणूस वाचत नाही.