इंजिन मॉनिटरचं घड्याळ: आधी काम, मग बटण

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

इंजिन मॉनिटरवर सिलिंडरच्या तापमानांचे पट्टे, तेलाचा दाब, इंधनाचा प्रवाह असं इतकं काही हलत असतं, की कोपऱ्यातल्या घड्याळाकडे नव्या वैमानिकाचं लक्षच जात नाही. मग कधी इंधनाची टाकी बदलायची, म्हणजे एका टाकीवरून दुसरीवर जायची, वेळ टळते, कधी बिघाडाच्या तपासात नोंदींच्या वेळा जुळत नाहीत, आणि घड्याळ आठवतं. तू ते आधीच शिकून घे. विमान जमिनीवर, इंजिन बंद, बाहेरची वीज जोडलेली आणि तुझ्याच मॉडेलची पुस्तिका मांडीवर, असा अर्धा तास काढ. नुसत्या बॅटरीवर हा सराव नको. शिकून होईल, पण स्टार्टर फिरवायला ताकद उरणार नाही.

एक गोष्ट पहिल्यांदा पक्की कर. या एका डब्यात चार वेगळे वेळमापक आहेत. घड्याळ किती वाजले ते सांगतं. फ्लाइट टायमर हे उड्डाण किती चाललं ते सांगतो. इंजिन-तास इंजिनाचं एकूण वय मोजतात. आणि चौथा तुझ्या हातातला टायमर, पुढे किंवा उलटा मोजणारा. बहुतेक गोंधळ एकाचा आकडा दुसऱ्याचा समजल्याने होतात.

घड्याळ झुलूवर, म्हणजे यूटीसी या जगभर एकच असलेल्या वेळेवर ठेव. हवामानाचे अहवाल, फ्लाइट प्लॅन, नियंत्रण कक्षाच्या नोंदी सगळं यूटीसीत असतं. स्थानिक वेळही दाखवायची सोय असेल तर पडद्यावर कोणती वेळ आहे ते नीट वाच. वेळेशेजारच्या एका छोट्या अक्षराकडे दुर्लक्ष झालं की हिशेब तासांनी चुकतो. वेळ लावताना बहुतेक यंत्रांत दोन बटणं काही सेकंद एकत्र दाबून सेटिंगमध्ये जायचं असतं. मग एक बटण आकडा बदलतं, दुसरं पुढच्या रकान्यात नेतं. मिनिट नक्की केलं की सेकंद आपोआप शून्यावर येतात, असं अनेक यंत्रांत असतं. म्हणून येणारं मिनिट आधीच लावून ठेव आणि खात्रीच्या घड्याळात ते मिनिट लागलं की शेवटचं बटण दाब. तारखेत दिवस आधी की महिना आधी, तेही बघ. महिन्याच्या पहिल्या बारा तारखांना ही चूक कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

घड्याळ जीपीएसवरून वेळ घेत असेल तरी ते बघायचंच. जीपीएसची स्वतःची वेळ २०१७ पासून यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे, आणि ती दुरुस्ती उपग्रहाच्या संदेशातून येते. पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. रिसीव्हर बरेच दिवस बंद असेल तर सुरुवातीला काही सेकंदांचा फरक दिसू शकतो. आठवड्यांची मोजणी १०२४ नंतर पुन्हा शून्यापासून सुरू होते. असं ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये झालं. जुन्या रिसीव्हरवर वेळ बरोबर आणि तारीख जवळपास वीस वर्षं मागे दिसली तर कारण बहुधा हेच. तिथे बटणं दाबून उपयोग नाही, सॉफ्टवेअर बदलावं लागतं.

आता टाकीचा टायमर. या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. डावी-उजवी निवडायचा सिलेक्टर असलेल्या विमानात काउंटडाउन टायमरचं मुख्य काम टाकी बदलायची आठवण देणं. समज, इंजिन ताशी ३४ लिटर पितं. पहिली टाकी ३० मिनिटं वापरलीस की ती १७ लिटरने, म्हणजे सुमारे १२ किलोने हलकी झाली. दर ३० मिनिटांनी बदलत राहिलं तर दोन्ही बाजूंतला फरक १७ लिटरच्या वर जात नाही. पण लांबच्या उड्डाणात पहिली बदली ३० मिनिटांनी आणि पुढच्या दर ६० मिनिटांनी केल्या, तरीही फरक १७ लिटरच्या वर जात नाही, फक्त बाजू पालटते. कागदावर मांडून बघ: डावी ३०, उजवी ६०, डावी आणखी ६०. निम्म्या बदल्यांत तेच साधतं, आणि प्रत्येक बदली म्हणजे चुकायची एक संधी असते. तुझ्या विमानाच्या पुस्तकात याहून कमी फरकाची मर्यादा दिली असेल तर अर्थातच तीच पाळायची.

टायमर शून्यावर आला, संदेश चमकायला लागला, की बोट आपोआप बटणाकडे जातं. तिथेच थांब. बटण दाबलं की संदेश जातो, आणि नेमकं तेव्हाच रेडिओवर कुणी हाक मारली तर टाकी बदलायची राहून जाते. पुढचा इशारा येईल तो आणखी तासाभराने, आणि मधल्या काळात तीच टाकी रिकामी होत राहील. म्हणून क्रम असा: संदेश चमकत असू दे. पुस्तकात सांगितलं असेल तर बूस्ट पंप, म्हणजे इंधन ढकलणारा जादा पंप, चालू कर. सिलेक्टर फिरव, तो खाचेत बसल्याचं हाताला जाणवू दे आणि दांड्याचं टोक कुठे आहे ते डोळ्यांनीही बघ. इंधनाचा दाब बघ. मग मांडीवरच्या कागदावर "उजवी १०:४२" असं लिही. आणि सगळ्यात शेवटी बटण. आधी काम, मग बटण.

बटण दाबल्यावर पहिलं मिनिट नजर दाबावर आणि प्रवाहावर ठेव. नळीत आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं इंधन शिल्लक असतं, त्यामुळे नव्या टाकीतून काहीच येत नसलं तरी इंजिन थोडा वेळ बिनतक्रार चालतं. बदललं, ठीक आहे, असं लगेच मानून नजर बाहेर वळवलीस तर नेमका धोक्याचा क्षण हुकतो. याच कारणाने उड्डाण घेण्याच्या तोंडावर टाकी बदलायची नाही. ज्या टाकीवर इंजिन तपासलं तिच्यावरच उडायचं. हवेतही बदली शक्यतो उंचीवर असताना आणि खाली उतरण्याजोगी जागा असताना कर.

तुझा टायमर शून्यानंतर काय करतो तेही जमिनीवरच तपासून ठेव. दोन मिनिटं लावून वाट बघ. काही टायमर थांबतात, काही शून्याच्या पुढे किती उशीर झाला ते मोजतात, काही आपोआप पुन्हा सुरू होतात. शेवटचा प्रकार फसवा, कारण तू टाकी बदललीस की नाही हे त्याला कळत नाही आणि तो खुशाल नवा तास मोजू लागतो. इशाऱ्याचा आवाज हेडसेटमध्ये येतो की नुसता दिवा लागतो, हेही बघ. तापमानाचा किंवा दाबाचा इशारा आला तर तो टायमरचा संदेश झाकतो, आणि तसंच व्हायला हवं. पण त्यामुळेच कागदावरची वेळ लिहिलेली असावी लागते.

इंजिन सुरू करताना पुढे मोजणारा टायमर कामी येतो. बऱ्याच पिस्टन इंजिनांच्या पुस्तकात ३० सेकंदांत तेलाचा दाब चढला नाही तर इंजिन बंद करा असं लिहिलेलं असतं. अंदाजाने ३० सेकंद मोजायला गेलास की कधी १५ होतात, कधी ५०. मात्र टायमर स्टार्टर दाबण्याआधी सुरू करू नकोस. स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतकं खाली येतं की काही मॉनिटर बंद होऊन पुन्हा चालू होतात आणि टायमर शून्य होतो. इंजिनाने पकड घेतली की बटण.

फ्लाइट टायमर कशाने सुरू होतो ते पुस्तिकेत शोध. कुठे आरपीएमवरून, कुठे तेलाच्या दाबावरून, कुठे हवेतल्या वेगावरून. एकाच उड्डाणाचे तीन वेगळे आकडे येतात ते त्यामुळेच. इंजिन-तासांचंही तसंच. पारंपरिक टॅक मीटर आरपीएमच्या प्रमाणात पळतो: २४०० ला खरा तास मोजणारा मीटर १००० आरपीएमवर २४ मिनिटांत फक्त १० मिनिटं पुढे सरकतो. हॉब्ज मीटर मात्र चालू झाला की पूर्ण वेळ मोजतो. तेल बदलणं आणि तपासण्या कोणत्या आकड्यावर करायच्या हे देखभालीच्या वहीत ठरलेलं असतं. तो आकडा आणि तुझ्या लॉगबुकचा आकडा एकमेकांत मिसळू नकोस. दशांशाची चूकही फार होते. १ तास २४ मिनिटं म्हणजे १.४ तास, कारण ०.१ म्हणजे ६ मिनिटं. १.२४ लिहिलंस तर जवळपास १० मिनिटं गायब झाली.

बाहेर न बघता उपकरणांवर उडताना होल्डिंगचं, म्हणजे ठरल्या जागी घिरट्या घालत थांबण्याचं, एक मिनिट, १४,००० फुटांच्या वर दीड मिनिट, किंवा ३६० अंशांच्या प्रमाणित वळणाची दोन मिनिटं मोजायला टाकीचा टायमर वापरू नकोस. एकाच टायमरला दोन कामं दिलीस की दोन्ही बिघडतात. पॅनेलवरचं वेगळं घड्याळ किंवा स्टॉपवॉच घे. अप्रोचमध्ये, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येताना, सेकंद महत्त्वाचे असतात: साडेचार सागरी मैल ९० नॉट ग्राउंडस्पीडने (जमिनीच्या मानाने वेग) ३ मिनिटांत संपतात, ८० ने साधारण ३ मिनिटं २२ सेकंदांत. ही वेळ उतरायला लागण्याआधीच काढून लिहून ठेव.

शेवटी नोंदींबद्दल. मॉनिटर काही सेकंदांच्या अंतराने सगळे आकडे साठवतो आणि प्रत्येक ओळीवर घड्याळाची वेळ मारतो. एखाद्या सिलिंडरचं तापमान क्षणभर उसळलं, तर तेव्हा तू इंधन-हवेचं मिश्रण पातळ करत होतास की ठिणगी देणारे मॅग्नेटो तपासत होतास, हे मेकॅनिकला वेळेवरूनच जुळवावं लागतं. म्हणून उड्डाणाच्या मध्येच घड्याळ दुरुस्त करू नकोस. एकच वेळ दोनदा नोंदली जाते, किंवा मधली काही मिनिटं नोंदीत दिसतच नाहीत. फरक दिसला तर कागदावर "मॉनिटर ४ मि. पुढे" इतकंच लिही आणि उतरल्यावर दुरुस्त कर. महिन्याला मिनिटभराचा फरक साध्या क्वार्ट्झ घड्याळात पडू शकतो, त्याची काळजी नको. पण दर वेळी चालू करताना तीच जुनी तारीख दिसत असेल तर आतली छोटी बॅटरी संपली आहे, किंवा विमानाच्या बॅटरीतून घड्याळाला कायम वीज देणाऱ्या तारेचा फ्यूज गेला आहे. देखभालीत बॅटरी काढली होती का ते आधी विचार. तसं असेल तर वेळ एकदा लावून पुरते. नाहीतर स्वतः डबा न उघडता वहीत नोंद करून मेकॅनिकला सांग, आणि नोंदीत तारीख, यूटीसी वेळ आणि पडद्यावर दिसलेली वेळ अशी तिन्ही लिही.

कळावे.