जुनी राय व्हिस्की: नुसती की कॉकटेलमध्ये?

प्रश्न: ताई, पन्नाशीनिमित्त सासऱ्यांनी 10 वर्षं मुरलेल्या अमेरिकन राय व्हिस्कीची (राय या धान्यापासून केलेली) बाटली भेट दिली. नुसती घेतली तर घसा जळतो. कॉकटेल करायचं म्हटलं, तर मेव्हणा म्हणतो, एवढी भारी दारू मिसळून वाया घालवू नका. काय करू?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: आधी घशाचं बघू. लेबलवर 100 प्रूफ लिहिलंय का? अमेरिकेत प्रूफचा आकडा निम्मा केला की अल्कोहोलचे टक्के मिळतात, म्हणजे ही 50 टक्क्यांची झाली. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्क्या 42.8 टक्क्यांच्या असतात आणि भारतात प्यायलेल्याचा घसा त्याच सवयीचा असतो. 30 मिलीच्या पेगमध्ये 5 मिलीचा एक चमचा पाणी घाला, ती 43च्या आसपास येईल. मात्र पाणी एकदम ओतू नका. थोडं घाला, वास घ्या, घोट घ्या, मग पुढचं. वास घेताना ओठ किंचित उघडे ठेवा, म्हणजे अल्कोहोल नाकाला झोंबत नाही. पहिल्या पेगला बर्फ नको, गारव्यानं वास दबतो.

सुरुवातीला व्हॅनिला आणि कॅरमेल जाणवेल. ती पिंपाची देणगी. मागून मिरी, लवंग, शहाजिरं, कधी पुदिना येतो. ते राय या धान्याचं. गिळल्यावर जिभेच्या कडांना कात लागल्यासारखा तुरटपणा राहिला, तर ते लाकडातलं टॅनिन. अमेरिकेत स्ट्रेट रायसाठी निदान 51 टक्के राय लागते आणि ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. स्कॉच बहुतेक वेळा वापरलेल्या पिंपात मुरते, त्यामुळे तिथली 10 वर्षं आणि इथली 10 वर्षं सारखी नाहीत. कोरं लाकूड फार लवकर आपलं म्हणणं पुढे रेटतं. वय जास्त तेवढी व्हिस्की चांगली, हे म्हणूनच मला पटत नाही. मला सहा-आठ वर्षांची राय जास्त आवडते, तिच्यात धान्य अजून ठसठशीत असतं.

आता मेव्हण्यांचं म्हणणं. चांगली राय कॉकटेलमध्ये वाया जात नाही, चुकीच्या कॉकटेलमध्ये जाते. मॅनहॅटन आणि न्यू ऑर्लिन्सचं सॅझरॅक ही दोन्ही कॉकटेल्स म्हणजे रायची हक्काची घरं. अमेरिकेतल्या 1920 ते 1933च्या दारूबंदीनंतर राय जवळजवळ विस्मरणात गेली होती. तिला पुन्हा मान मिळाला त्यात जुनी कॉकटेल्स मनापासून बनवणाऱ्या बारटेंडरांचा मोठा वाटा आहे.

तुमच्या बाटलीचं मॅनहॅटन असं करा: राय 60 मिली, गोड व्हर्मुथ (वनस्पती-मसाल्यांनी सुवासिक केलेली वाइन) 20 मिली, अँगोस्टुरा बिटर्सचे (मसालेदार कडू अर्काचे) दोन शिंतोडे. एरवी व्हर्मुथ 30 मिली घालतात, पण जुन्या रायमध्ये पिंपाचा गोडवा आधीच असतो. भरपूर बर्फावर अर्धा मिनिट ढवळा आणि गार ग्लासात गाळा. शेकरमध्ये घुसळू नका, पेय गढूळ होतं आणि पाणी जास्त सुटतं. व्हर्मुथच्या गोडीनं तो तुरटपणा असा मवाळ होतो की मेव्हणेही दुसरा ग्लास मागतील!

सॅझरॅकला साखरेचा एक क्यूब, पेशॉ बिटर्सचे तीन-चार शिंतोडे आणि 60 मिली राय बर्फावर ढवळून, आतून अ‍ॅबसिंथ (बडीशेपेच्या वासाची कडक दारू) फिरवलेल्या ग्लासात बर्फाशिवाय गाळा. वर लिंबाची साल पिळा. नीट पिळली तर पृष्ठभागावर तेलाचे बारीक ठिपके तरंगताना दिसतात. सालीवर पांढरा भाग कमीत कमी ठेवा, तो कडू असतो.

व्हिस्की सावरला (व्हिस्की, लिंबाचा रस आणि साखरेच्या कॉकटेलला) मात्र ही बाटली काढू नका. लिंबाच्या रसात 10 वर्षांचं मुरणं बुडून जातं. त्यासाठी ‘बॉटल्ड इन बाँड’ राय आणा. 1897च्या कायद्यानुसार ती किमान 4 वर्षांची आणि 100 प्रूफचीच असते, त्यामुळे रसासमोर नमत नाही.

प्रश्न: भावानं अमेरिकेहून आणलेली राय अर्धी उरलीय. कपाटात ठेवली तर आणखी मुरेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: नाही. मुरणं पिंपात होतं, काचेत नाही. उलट अर्ध्या बाटलीतल्या हवेनं वास हळूहळू मंदावतो. लहान बाटलीत काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून, उन्हापासून दूर उभी ठेवा. सोबत व्हर्मुथ आणलं असेल तर ते फ्रिजमध्येच ठेवा. ती वाइन आहे, उघडल्यावर महिना-दोन महिन्यांत संपवा.