गोळ्या एकाआड एक दिवस घेतल्या तर चालतं का?

प्रश्न: सासूबाईंना बीपी, शुगर दोन्ही आहे, मागच्या वर्षी स्टेंट पण टाकला. महिन्याचं औषधांचं बिल चार हजाराच्या वर जातं आणि मिस्टरांची नोकरी कंत्राटी. परवा बघितलं तर अर्ध्या केलेल्या गोळ्या कागदात गुंडाळून ठेवलेल्या, म्हणे एकाआड एक दिवस घेतली तरी चालतंय. डॉक्टरांना पैशाचं कसं सांगायचं?
– एक वाचक, कराड

उत्तर: ताई, चालत नाही. स्टेंटनंतरची रक्त पातळ करणारी गोळी आणि मेटोप्रोलॉलसारखी हृदयाची गोळी मनाने बंद केली तर सरळ अटॅकचा धोका असतो. आणि पाकिटावर एसआर लिहिलेली शुगरची गोळी तर तोडायचीच नाही, ती हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते, तोडली की सगळा डोस एकदम सुटतो.

आता पैशाचं. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या गोळ्यांची कमाल किंमत महागाईच्या हिशोबाने बदलते, 2023 च्या एप्रिलमध्ये 12.12 टक्के वाढली होती. पण यादीबाहेरच्या औषधांची एमआरपी कंपनी वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवू शकते, आणि एका गोळीत दोन-तीन औषधं घातलेली जी कॉम्बिनेशन्स असतात त्यातली बरीचशी यादीबाहेरच, त्याची बोंब कुणी मारत नाही! म्हणून डॉक्टरांना विचारा की कॉम्बिनेशन फोडून सुट्ट्या गोळ्या देता येतील का (गोळ्यांची संख्या वाढेल, बिल बहुतेक उतरेल). शुगरसाठी एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ब्रँड जरूर बघा, मार्च 2025 मध्ये पेटंट संपलं आणि साठेक रुपयांची गोळी बऱ्याच कंपन्यांनी दहा-पंधरा रुपयांवर आणली, तरी चिठ्ठीवर जुनाच महागडा ब्रँड चालू असतो.

जनऔषधी केंद्रात जेनेरिक (म्हणजे तेच औषध, ब्रँडच्या नावाशिवाय) बरंच स्वस्त मिळतं, सगळंच मिळेल असं नाही, आधी फोन करा. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट असतात, स्टॉक संपलेला असतो कधीकधी, पण लोक लाजेखातर तिकडे फिरकतच नाहीत हे पण खरंय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेवर मात्र फार विसंबू नका, ती मुख्यतः ॲडमिट होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, दर महिन्याच्या गोळ्या खिशातूनच.

आणि डॉक्टरांना सरळ सांगा, "एवढं परवडत नाही, आई गोळ्या चुकवतायत." त्यांना हे कळलं नाही तर बीपी वाढलेलं बघून ते डोस अजून वाढवतील. जाताना नुसती फाईल नको, मेडिकलचं बिल आणि सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या आणि यातली कुठली बंद करता येईल का तेही विचारा.